गोल खिडकीतली भानगड

ऐकलंत का? जुळे सोलापुरात आता सोफा केवढ्याचा, टीव्ही किती इंची, असलं कुणी विचारत नाही. ‘तुमचं फ्रंट लोड की टॉप लोड?’ एवढंच. टॉप लोड म्हणालात की समोरची बाई अशी बघते, जणू तुम्ही अजून बंबात पाणी तापवता.

आमच्या शेजारच्या काकूंकडे हे फ्रंट लोड वॉशिंग मशीनचं प्रकरण संक्रांतीच्या तोंडावर आलं. गड्ड्याच्या जत्रेला जायचं सोडून अर्धी गल्ली त्या गोल खिडकीपुढे खुर्च्या टाकून बसली. पहिला खेळ काकांच्या पांढऱ्या बाराबंदीचा. दहा मिनिटांनी काकूंच्या लक्षात आलं, धोतर बादलीतच राहिलंय! दार ओढलं, हलेना. बटण बंद केलं, तरी हलेना. “माझंच घर, माझेच कपडे, आन् मलाच कुलूप?” आता आत पाणी असताना दार उघडलं तर हॉलमध्ये उजनी धरण होईल, हे कबूल. पण सॅमसंगनं २०१५ मध्ये दारातच एक चिमुकलं दार काढून दिलं, ते उगाच नाही. मोजा विसरणाऱ्या काकू जगभर आहेत.

आणि वेळ? सुती कपड्यांना अडीच तास! आकडा ‘१ मिनिट’वर येतो आणि तिथंच ठाण मांडतो. “अजून फिरालंय की ओ,” काका दर थोड्या वेळानं वर्दी देतात. पाणी कमी पितं, खोटं कशाला बोलू; काही दिवसांआड नळ येणाऱ्या गावात तेवढा गुण मोठाच. पण टाकीतून धार जरा बारीक आली की बाईसाहेब रुसून टूं टूं करत बसतात.

खरी शोभा झाली ती चादरीनं. भौगोलिक मानांकन मिळवलेली, जाडजूड सोलापुरी चादर! भिजून तिचा एका बाजूला गोळा झाला. ड्रम जरा वेग घेई, धडाधड आपटे, थांबे, चादर उलगडून बघे, पुन्हा तेच. तासाभरानं हार मानून पाणी निथळणारी चादर काकूंच्या हवाली. धुण्याची मावशी दारात पदर तोंडाला लावून हसत होती. पिळायला दुसरं टोक शेवटी तिनंच धरलं.

त्यावर कडी म्हणजे दाराभोवतीचं रबर. त्याच्या घडीत पाणी, केस, एक रुपयाचं नाणं, आणि आठवड्यात कुबट वास. अमेरिकेत या वासापायी लोक कोर्टात गेले. २०१४ मध्ये क्लीव्हलँडच्या ज्युरीनं मशिनीच्या कंपनीलाच सोडून दिलं. वास खरा, पण दाद कुणाकडे मागायची?

आता काकू रोज धुणं झालं की मशिनीपुढे बसतात, बाळाची मान पुसावी तसं ते रबर टर्किश टॉवेलनं पुसतात आणि दार उघडं ठेवतात. तो टॉवेल मात्र मशिनीत टाकत नाहीत. त्याला वास लागतो म्हणे! तो मावशी मागच्या दगडावर धुते.