आता सोडून काय उपयोग?

पिंपळवंडीत फुप्फुसाचा कॅन्सर निघालेला माणूस एकटा पडत नाही. दोस्तमंडळी जमतात, फाइल चाळतात आणि निघताना एकजण बिडीचं बंडल पुढे करतो. ‘ओढा हो तात्या, आता सोडून काय उपयोग?’ या वाक्यात करुणा आहे, दूरदृष्टी आहे, शिवाय काडीही बोलणाऱ्याचीच. याच हमरस्त्यावर पुढे सिन्नर लागतं. तिथल्या बिडी कामगारांच्या पोटाचाही विचार कुणीतरी करायलाच हवा.

डॉक्टरांना ही खोली उमगत नाही. त्यांचं म्हणणं असं की, लाइटला, म्हणजे रेडिएशनला, गाठीतल्या पेशी मारायला प्राणवायू लागतो आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड एसटीच्या सीटवर रुमाल टाकावा तशी रक्तातली त्याची जागा आधीच धरून बसतो. म्हणजे आळेफाट्याहून मुंबई गाठायची, नातेवाइकाच्या चाळीत सहा आठवडे पथारी टाकायची, आठवड्यातून पाच दिवस लाइट घ्यायची आणि कोपऱ्यावरच्या टपरीत तिची धार घालवून यायची. हे येरागबाळ्याचं काम नाही. ऑपरेशन झालं तर जखमही सावकाश भरते. पाहुण्यांना भेटायला सवड मिळते.

कॅन्सर कळल्यावरही ओढत राहिलं तर मृत्यूचा आणि दुसऱ्या नव्या कॅन्सरचा धोका वाढतो, असं अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २०१४च्या अहवालात आहे. अहवाल इंग्रजीत असल्यामुळे पारावर त्याची दखल घेतली गेली नाही.

घरची शिस्त तर वाखाणण्याजोगी. सुनेने हळदीचं पाणी, गोमूत्र, गव्हांकुराचा रस सुरू केला. वांगं, आंबट, तेलकट बंद. बिडी तेवढी राहिली. सगळंच तोडलं तर माणूस जगेल कशावर? केसपेपरावर ‘तंबाखू बंद’ लिहिलेलं असतं म्हणा. चाळीस वर्षांची सवय दोन शब्दांत उरकलेली. ती बंद कशी करायची, हे विचारून कुणी डॉक्टरांचा वेळ घेत नाही.

२०१८पासून तंबाखूच्या पाकिटांवर १८००-११-२३५६ हा फुकटचा नंबर छापतात. मराठीतूनही सल्ला मिळतो. पण उसात बिबट्या दिसला की वन खात्याला फोन लावणं वेगळं. बिबट्या बाहेरचा, बिडी घरची.

राहता राहिला निकोटिनचा गम. दोन मिलिग्रॅमचा चिठ्ठीशिवाय मिळतो. मुलाने नारायणगावच्या मेडिकलमधून आणलाही. तात्यांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं, आत निकोटिन असतं हे मुलाकडून खात्री करून घेतलं आणि बिडी विझू न देता बजावलं, ‘असली व्यसनं आपल्या घराण्यात नाहीत.’