चिपाडाचे अर्थशास्त्र

अहिल्यानगर जिल्ह्यात 1950 साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हापासून येथील कारखानदारीने उसाचे काहीही वाया न घालवण्याची विद्या हस्तगत केली असून, रसाची साखर, मळीचा मद्यार्क आणि रस निघून गेलेल्या चिपाडाची वीज होते. या थोर काटकसरीत एकच उपपदार्थ हिशेबाबाहेर राहिला, तो म्हणजे अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शनीत निघालेला कामगार.

त्याची सोय 'कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, 1995' या नावाने झालेली आहे. तीत शेवटच्या 60 महिन्यांच्या सरासरी पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणून 70 ने भागतात; मात्र पगार 15,000 रुपयांपुढचा धरत नसल्याने, 35 वर्षांच्या हिशेबालाही साडेसात हजारच हाती लागतात. ज्यांचे गणित फारच खाली घसरते, त्यांना दरमहा किमान 1,000 रुपयांची हमी आहे, म्हणजे दिवसाला 33 रुपये; त्यात दोन कप चहा आणि रक्तदाबाची एक गोळी बसते, भाकरीचा विचार बहुधा पुरवणी मागण्यांत होईल.

दुसरीकडे, 'श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजने'त 65 वर्षांवरील निराधाराला, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असल्याचा दाखला जोडल्यास, दरमहा 1,500 रुपये मिळतात. त्यातही कोणाचे भागत नाही, हा भाग वेगळा. परंतु ज्याच्या नावे उभ्या नोकरीत वर्गणी भरली गेली त्याला हजार आणि जिथे वर्गणीच नाही तिथे दीड हजार, यावरून वर्गणीचे मोल वजा पाचशे रुपये ठरते, ही अर्थशास्त्राला नगरी मातीने दिलेली देणगीच मानावी लागेल. शिवाय 10 वर्षे सेवा न झालेला कामगार या पेन्शनीला अपात्र ठरतो, तर माजी आमदाराला एका कार्यकाळावर किमान 50,000 रुपये मिळतात; कायदे करणे हे मोळ्या वाहण्यापेक्षा अधिक झिजवणारे काम असले पाहिजे.

एवढ्यावर निवृत्त माणूस जगतो यावर सरकारचाही विश्वास नसावा, कारण वर्षातून एकदा त्याच्याकडून हयातीचा दाखला, म्हणजे जिवंत असल्याचा पुरावा, मागितला जातो. आयुष्यभराच्या कामाने रेषा झिजलेला अंगठा यंत्रावर उठत नाही, तेव्हा "बाबा, पुसून परत ठेवा," असे सांगितले जाते आणि बाबा धोतराच्या सोग्याला अंगठा पुसून परत ठेवतात.

हजार रुपयांची ही किमान रक्कम 1 सप्टेंबर 2014 पासून लागू झाली. तिला महागाई भत्ता नाही, आणि पुढच्या दहा वर्षांत तीत एका रुपयाचीही भर पडली नाही.