वारणेच्या अल्याड-पल्याड

"झाली का मोजणी?" काकूंनी कंपाऊंडवरून मान काढली. हातात कढीपत्त्याची डहाळी. झाड आमचं, फांदी त्यांच्या अंगणात.

"झाली की. दिरांच्या बाजूला सव्वा फूट निघालं. आता भावाभावांत बोलणं बंद."

"त्यात नवीन काय ओ? सातारचे शाहू महाराज आणि पन्हाळ्याचे संभाजीराजे चुलत भाऊच की. 1730 ला वारणेकाठी छावणीवर घाला पडला. राजे निसटले, घरातल्या बायका मात्र शाहूंच्या हाती!"

"अगं बाई! मग?"

"मानानं परत धाडल्या. राजांच्या सावत्र आई ताराबाई तेवढ्या सातारलाच राहिल्या. येतील कशाला? 1714 ला सवतीनं, राजसबाईंनी, त्यांना लेकासकट कोंडून आपलं पोरगं, म्हणजे हेच संभाजीराजे, गादीवर बसवलेलं. मी असतो तर मीपण आलो नसतो."

कोल्हापूरच्या बायका स्वतःला 'मी आलो, गेलो' म्हणतात, त्याला इलाज नाही.

"पुढं कऱ्हाडजवळ जखिणवाडीला दोघे भाऊ भेटले. 13 एप्रिल 1731 ला तह झाला. वारणेच्या उत्तरेचं त्यांचं, दक्षिणेचं तुंगभद्रेपर्यंत आपलं. कोपळ देऊन रत्नागिरी घेतली. मिरज मात्र गेली ओ!" काकू अशा हळहळल्या, जणू मिरजेत त्यांचा प्लॉट होता. "आणि तुंगभद्रेपासून रामेश्वरापर्यंत जे जिंकायचं, ते निम्मंनिम्मं."

"म्हणजे हातात नसलेल्याचीपण वाटणी? आमच्या दिरांना सांगू नका."

"आमच्यात नदी असती तर बरं झालं असतं बघा," मीच म्हणाले. "हद्दीचा दगड रात्रीत सरकतो."

"म्हणून तर आजपण सांगली-कोल्हापूरची हद्द म्हटलं की वारणाच."

"आणि 2019 च्या महापुरात? दोन्ही काठ पाण्याखाली. तेव्हा कुठं होती हद्द?"

काकूंनी डहाळीची पानं ओरबाडली. "ते जाऊ दे. एक कलम लई भारी हाय. ह्यांचे चाकर त्यांनी ठेवून घ्यायचे न्हाईत, त्यांचे ह्यांनी..."

बोलता बोलता त्या थांबल्या. मीही काही बोलले नाही. आमची भांडीवाली महिन्यापूर्वी अचानक यायची बंद झाली होती. गावी गेली असेल, असं काकूच म्हणाल्या होत्या.

तेवढ्यात त्यांच्या मोरीतून ओळखीचा आवाज आला, "काकू, घासणी कुठं ठेवलीय?"