भाव काय घेणार?

जुनी सायकल विकायची म्हटल्यावर शहाणा माणूस कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला विचारतो, तो सांगेल त्यात पाचशे वाढवून मागतो आणि मोकळा होतो. मी अभ्यास केला.

सायकल आमची साधीसुधी नव्हे. रॅले, नॉटिंगहॅमची, वाकड्या हँडलची, मामेभावाने विलायतेहून येताना सामानात घालून आणलेली. ‘साठ सालातली आहे, जपून वापर,’ असं त्याने बजावलं होतं. मी ती इतकी जपली की जिन्याखालून बाहेरच काढली नाही. पावसाळ्यात तिच्यावर छत्र्या वाळत. सीटखालच्या नळीवर ‘रेनॉल्ड्स 531’ असं हिरवं-सोनेरी स्टिकर होतं. 531 म्हणजे मँगनीज-मॉलिब्डेनमचं पोलाद. 1935 साली निघालं आणि टूर द फ्रान्स जिंकणाऱ्यांच्या सायकली वर्षानुवर्षं त्याच नळ्यांच्या. असल्या सायकलींना लोक काय मागतात, ते मी वाचून काढलं. (काय मिळालं, ते कोणी लिहीत नाही.) माझा आकडा लाखाखाली उतरेना.

“लाख रुपये असलेला माणूस सायकल कशाला घेईल?” हिने विचारलं. अज्ञानी लोकांशी मी वाद घालत नाही.

आधी वय काढायचं ठरलं. शिमानोच्या भागांवर आतल्या अंगाला दोन बारीक इंग्रजी अक्षरं ठोकलेली असतात. पहिलं वर्षाचं, दुसरं महिन्याचं. ‘ए’ म्हणजे 1976, तिथून पुढे ओळीने. भिंग आणि टॉर्च घेऊन मी फरशीवर आडवा झालो. मागच्या डिरेलरवरचं काळं ग्रीस खरवडल्यावर ‘एच डी’ निघालं. बोटं मोजली: एप्रिल 1983. साठ सालची सायकल कपिलदेवच्या विश्वचषकाहून जेमतेम दोन महिन्यांनी थोरली! डिरेलर मागाहून बदललेला असेल, एवढीच पळवाट उरली.

मग गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत भरावी म्हणून घासायला घेतली. रॉकेल झालं, ब्रासो झालं. स्टिकरच्या कडेला डांबराचा एक ठिपका राहिला होता, त्याला हिचं नेलपॉलिश रिमूव्हर लावलं. ठिपका निघाला. मागोमाग रेनॉल्ड्स निघाले, मग पाच निघाला, मग तीन. कापसावर हिरवा चिखल आणि नळीवर एकटा एक.

पोलाद तर तेच आहे ना, म्हणून मी धीर धरला. त्याचीही परीक्षा असते. टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशा खऱ्या 531 च्या फ्रेममध्ये सीटचा दांडा सहसा 27.2 मिलिमीटरचा बसतो. साध्या नळीत त्याहून बारीक. शेजारचे काका पिंपरीच्या एका कारखान्यातून, टूलरूममधून निवृत्त झालेले. त्यांनी पेटीतून व्हर्नियर काढला, पुसला, शून्य तपासलं, दांड्याला लावला.

“सव्वीस पॉइंट चार.”

“पुन्हा बघता का?”

“पुन्हा बघितल्याने वाढत नाही.” आणि जाता जाता म्हणाले, “स्टिकरं काय, सुटी मिळतात विकत.”

अखेर कोपऱ्यावरचा सायकलवाला. त्याने स्टिकरची जागा पाहिलीसुद्धा नाही. चेनवर फूटपट्टी ठेवली. पिनेपासून पिनेपर्यंत बारा पुऱ्या कड्या म्हणजे नेमके बारा इंच हवेत. एक सोळांशाने वाढली की चेन बदलायची. आमची एक अष्टमांशाने वाढलेली. “चेन गेली, जाताना दातेपण घेऊन गेली,” तो म्हणाला. मग टायर. आमची रिम 27 बाय सव्वाची, म्हणजे टायर बसतो तिथे 630 मिलिमीटर. हल्लीचा सातशेचा टायर 622 चा, तो चढेना. दूधवाल्यांच्या सायकलीचा 28 बाय दीड 635 चा, तो राहीना.

“भाव काय?”

“पाच हजार. टायर असते तर.”

तोवर मी नवी सीट, हँडलची टेप आणि ब्रेकच्या केबल घालून बसलो होतो. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

तेव्हा वाचकहो, रॅले विकणे आहे. एप्रिल 1983, सीट नवी, किंमत सात हजार, घासाघीस चालेल. टायर ज्याचे त्याने आणावेत. स्टिकरविषयी विचारू नये.