विक्रोळीत घर घेताना : ईस्ट की वेस्ट?

इच्छुकांनी सर्वप्रथम ध्यानात घ्यावं की विक्रोळी हे स्टेशन एक असलं तरी गावं दोन आहेत. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली पहिली आगगाडी याच वाटेने गेली आणि जाता जाता इकडचे आणि तिकडचे अशी वाटणी करून गेली. तेव्हा इथे वस्ती ती किती असणार, हा मुद्दा गौण आहे. बांध आधी पडला, भांडायला माणसं सवडीने आली.

भूमध्य समुद्राकाठी घर घेणारी मंडळी निस बरं की कान, यात वर्ष घालवतात म्हणे. त्यांचं ठीक आहे, मधे तीसेक किलोमीटरचं अंतर आहे. आपल्याला फक्त जिना चढून उतरायचा आहे, म्हणून विचार जास्त करावा लागतो.

सुरुवात सल्ल्याने करावी. ईस्टच्या माणसाला वेस्टबद्दल विचारावं आणि वेस्टच्याला ईस्टबद्दल. दोघेही हातातलं काम टाकून सांगतील. “तिकडे? छे हो, तिकडे काय आहे?” हे वाक्य दोन्हीकडे एकाच सुरात ऐकू येतं. अशा वेळी नम्रपणे विचारावं, “काका, तुम्ही तिकडे शेवटचे कधी गेला होतात?” काका एखाद्या लग्नाचं नाव घेतील. त्या लग्नातली मुलगी आता दहावीच्या मुलाची आई असते. तरीही सल्ला वहीत टिपून घ्यावा, कारण शेजारी म्हणून पुढे काकाच मिळणार आहेत.

आता ईस्ट. इथे ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे, कन्नमवार नगर, टागोर नगर आणि हरियाली व्हिलेज. यशवंतराव चव्हाण १९६२ च्या अखेरीस संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले तेव्हा मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री झाले आणि वर्षभरातच, नोव्हेंबर १९६३ मध्ये, पदावर असताना वारले. बाकी महाराष्ट्र त्यांना विसरला असेल, पण विक्रोळीत त्यांचं नाव रिक्षावाले दिवसातून शंभरदा घेतात, तेही ‘एक नंबर की दोन नंबर?’ या प्रश्नासकट. टागोर नगरात शांतिनिकेतन शोधू नये, ग्रुप नंबर शोधावा. तो चुकला तर रवींद्रनाथही घरी पोचवू शकत नाहीत.

ईस्टला घर घेणाऱ्याने जागेपेक्षा रिडेव्हलपमेंटचा अभ्यास करावा. म्हाडाच्या जुन्या बिल्डिंगीत रूम घेणं म्हणजे खरं तर एका मीटिंगचं सदस्यत्व घेणं असतं. त्यासाठी एखाद्या सोसायटीची जनरल बॉडी पाहून यावी. खाली पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, एका टेबलावर बिसलेरीच्या छोट्या बाटल्या, आणि भिंतीवर टांगलेल्या चादरीवर बिल्डरच्या टॉवरचं चित्र. चित्रात झाडं आहेत, जलतरण तलाव आहे, कुत्रा घेऊन फिरणारी एक गोरी बाई आहे. ही बाई कोणत्या मजल्यावरची, असं कोणी विचारत नाही. मागच्या रांगेतले एक आजोबा उठून विचारतात, “भाडं किती महिन्यांचं आगाऊ देणार? आणि चेक वटला नाही तर?” सेक्रेटरी म्हणतात, “आप्पा, तो मुद्दा नंतर घेऊ.” आप्पा बसतात. इच्छुकाने आप्पांच्या शेजारची खुर्ची धरावी. सगळ्या मीटिंगमध्ये करारनामा वाचून आलेला माणूस तो एकच असतो.

यानंतर नाकाची परीक्षा. ब्रोकर तुम्हाला सकाळी अकराला, ऊन आणि वारा दोन्ही प्रसन्न असताना नेतो. तुम्ही रात्री जा, किंवा पहाटे. कांजूरचं डम्पिंग लांब नाही, आणि वाऱ्याला ईस्टचा पत्ता तोंडपाठ आहे. खिडकी बंद करून झोपायचं की उघडून जागायचं, हे त्या रात्रीच ठरवून टाकावं. भरपाई म्हणून खाडी आहे. गोदरेजने जपलेली खारफुटी आहे, हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी येतात, आणि २०१५ साली तिथे रीतसर अभयारण्यही झालं. पाहुण्यांना फक्त रोहित पक्ष्यांचं सांगावं.

वेस्टचं गणित उभं आहे, म्हणजे चढाचं. खाली एल. बी. एस. मार्ग, पूर्वीचा आग्रा रोड, आणि वर पार्कसाईट, सूर्यनगर. पार्कसाईटच्या डोंगरापलीकडे पवईचं हिरानंदानी असल्यामुळे इथल्या पत्त्यांना वर सरकायची खोड आहे. स्टेशनजवळ असताना जाहिरातीतली इमारत विक्रोळीत असते, अर्धा चढ चढली की ‘पवईलगत’ होते, आणि आणखी थोडी वर गेली की विक्रोळी हे नावच गळून पडतं. घर बघायला जाताना भाजीची पिशवी घेऊन पायी चढावं. धाप लागली तर ती विक्रोळी. या चढाबद्दल एकच गोष्ट विनोद बाजूला ठेवून सांगतो. जुलै २०२१ च्या पावसात सूर्यनगरात रात्री घरं कोसळून माणसं गेली. उतारावरचं घर असेल तर संरक्षक भिंत स्वतः जाऊन पाहा, तिथे ब्रोकरवर विसंबू नका.

एल. बी. एस. मार्गावर मेट्रो चारचे खांब आहेत. गोदरेज कंपनी, विक्रोळी, सूर्यनगर अशी स्टेशनांची नावं तर ठरलेली आहेत. नावं वाचत सिग्नलला उभं राहायचा आनंद वेस्टला फुकट मिळतो.

सरकारदरबारीही ही दोन गावंच आहेत. ईस्टवाल्यांचा वॉर्ड एस, त्यांनी गटार तुंबल्याची तक्रार भांडुपच्या बाजूला न्यायची. वेस्टमधल्या पार्कसाईटवाल्यांचा एन, त्यांनी घाटकोपर गाठायचं. पाणी दोन्ही गटारांतून एकाच पावसाचं वाहतं, पण अर्ज वेगवेगळे.

दोन्हीकडे समान अशी एकच गोष्ट, ती म्हणजे ‘कंपनी’, अर्थात गोदरेज. पिरोजशा गोदरेज यांनी १९४३ साली कोर्टामार्फत झालेल्या लिलावात इथली जमीन घ्यायला सुरुवात केली. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लाखो मतपेट्या याच विक्रोळीत तयार झाल्या. थोडक्यात, सबंध देशाला निवड करायची सोय विक्रोळीने करून दिली. तिची स्वतःची निवड मात्र अजून लटकलेली आहे.

इथे एक अडचण नमूद करणं भाग आहे. पूर्वी गाडीने इकडून तिकडे जायचं तर घाटकोपरला नाहीतर कांजूरला वळसा पडायचा, आणि रिक्षावाला “तिकडे नाय” म्हणून मान फिरवायचा. त्यामुळे तिकडच्यांबद्दलचं मत सुरक्षित राहायचं. १४ जून २०२५ ला रेल्वेवरचा पूल खुला झाला, जेमतेम सहाशे मीटरचा, आणि अनेक वर्षं जपलेले गैरसमज एकदम धोक्यात आले. ईस्टच्या बायका वेस्टला मासे घेऊन ‘स्वस्त नाहीत, पण ताजे आहेत’ अशी बातमी आणू लागल्या. काकांनी अजून पूल पाहिलेला नाही. त्यांना घाई करू नये.

एवढा अभ्यास झाल्यावर निर्णय तुम्ही घ्याल, असा तुमचा समज असेल. तो सोडा. विक्रोळीत बाजू कोणी निवडत नाही. कोणाला म्हाडाने दिली, कोणाला कंपनीने क्वार्टर दिलं, कोणाचं सासर तिथे होतं, आणि कोणाच्या खिशात त्या महिन्यात तेवढेच पैसे होते. बाजू आधी मिळते आणि तिची कारणं नंतर जमवायची असतात. वरचे मुद्दे त्याच कामाचे आहेत. चावी हातात आल्यावर आपल्या बाजूचे परिच्छेद पाठ करावेत, दुसऱ्या बाजूचे पाहुण्यांना ऐकवावेत.

एवढं करूनही दोन्ही बाजू पटल्या नाहीत, तर स्लो लोकलने एक स्टेशन पुढे जाऊन कांजूरमार्गला उतरावं. तिथेही ईस्ट-वेस्ट आहे.