पटियाला मापात शिराझ

चंदीगडला बदली झाली आणि नाशिककर म्हणून एक जबाबदारी आपोआप गळ्यात पडली: लाल वाइनचा जाणकार असण्याची. आमच्या नाशिकच्या सुला वायनरीची पहिली वाइन २००० साली आली, तीही पांढरी, लाल मागाहून. मग ओकच्या पिंपात मुरलेली 'दिंडोरी रिझर्व्ह शिराझ' आली आणि आमच्याकडची भली माणसं ग्लासात नाक घालून लाकूड, व्हॅनिला, मिरी शोधू लागली. (दिंडोरी म्हटलं की आईला अजून स्वामी समर्थांचं केंद्रच आठवतं. बाटली दिसली तर 'तिकडचीच आहे' एवढंच सांगतो.) आता जगभर वारं फिरलंय. लाकूड कमी, फळ जास्त, अंग हलकं. आणि लाल वाइनही म्हणे जरा गार करून प्यावी. म्हणजे इतकी वर्षं पिंपं हुंगली ती फुकटच!

सेक्टर ३५ मधल्या शेजाऱ्यांना हा इतिहास मी साग्रसंगीत ऐकवला. पाजींनी शांतपणे ऐकून घेतलं, पटियाला पेगाच्या मापाने शिराझ ओतली, वर बर्फाचे चार खडे टाकले आणि सोड्याची बाटली उघडली.

"ठंडी ही पीनी है ना, जी?"

मी मुकाट्याने माझाही ग्लास पुढे केला.