लातूर ते नांदेड, पावतीपुस्तकासह

वैद्यकीय संशोधनासाठी निधी जमवायला लांब पल्ल्याची सायकलफेरी करायची म्हटलं की लोक पायांच्या व्यायामाला लागतात. नवशिक्यांनो, इथेच चुकता. लातूर ते नांदेड हे सुमारे 140 किलोमीटर तीन महिने सराव केला तर कुणीही कापतो. सख्ख्या साडूकडून 501 रुपयांची पावती फाडून घेणं हा खरा घाट, आणि त्याला गिअर नाहीत.

सुरुवात घरातून करा. दारात गाडी असताना माणूस सायकलवर निघाला की आपल्याकडे त्याचे दोनच अर्थ होतात : धंद्यात बसला, नाहीतर शुगर निघाली. घरी सांगा, शेजारी सांगा, कॉलनीच्या वॉचमनला सांगा की तब्येत ठीक आहे. उपयोग होणार नाही, पण सांगितल्याचं समाधान राहतं. मला पहिल्या आठवड्यात तिघांनी कारल्याचा रस सुचवला. एका काकूंनी डबाभर मेथ्या पाठवल्या. वर्गणी त्यांनीही दिली नाही.

मग दिशा ठरवा. आम्ही नांदेडचे असूनही सांगतो, लातुरातून निघा. लातूर बालाघाटच्या पठारावर, नांदेड गोदावरीच्या काठी. एकूण हिशेबात उतार तुमचा. आष्टामोड, चाकूर, शिरूर ताजबंद, अहमदपूर, माळेगाव, लोहा, सोनखेड, विष्णुपुरी ही नावं पाठ करा. दमल्यावर पुढचं गाव आठवणं हाच आधार असतो. थंडीत वारा मात्र बहुधा पूर्वेकडून, म्हणजे तोंडावर येतो. उतार आपला आणि वारा विरोधकांचा. जिल्हा परिषदेच्या सत्तेत बसलेल्यांना ही अवस्था ओळखीची वाटेल.

सायकल महाग घेऊ नका, आणि घेतलीत तर किंमत सांगू नका. माळेगावला खंडोबाच्या यात्रेच्या दिवसांत, डिसेंबर-जानेवारीत, घोडे, गाढवं, उंट यांचा मोठा बाजार भरतो. तिथे चहाला थांबलो तेव्हा फेटेवाल्या एका आबांनी सायकल अंगठ्यानं दाबून पाहिली, चाक फिरवलं, जनावराचे दात बघावेत तशी चेन बघितली. ‘‘केवढ्याला घेतलाव?’’ मी खरं सांगून बसलो. आबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, ‘‘एवढ्यात शिंगरू आलं असतं की ओ. वाढलं तरी असतं.’’

ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक तोंडाचा असेल तर पितळेचा छोटा अडॅप्टर खिशात ठेवाच. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचं तोंड त्याला बसत नाही. तो बिचारा प्रयत्न करतो, दहा माणसं जमतात, अकरा सल्ले मिळतात, हवा काही जात नाही. गादीची चड्डी घालायला लाजू नका. सत्तर किलोमीटरनंतर लाज आणि बूड यांतलं एकच शाबूत राहतं. वरून सैल पँट चढवली की अहमदपूरच्या स्टँडवर निवांत उभं राहता येतं.

आता गंमत बाजूला ठेवून एक सांगतो. थंडीचे दिवस उसाचे. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर अंधारात पुढे चालला असेल तर त्याला मागे दिवा असेलच असं नाही. तुमच्या सायकलला मात्र लाल दिवा हवा, अंगात चमकणारं जाकीट हवं, डोक्याला हेल्मेट हवं. पहाटे पाचला निघायची हौस असेल तर उजाडेपर्यंत शहरातच रेंगाळा. हेल्मेटला कुणी ‘‘मोटरसायकल कुठाय?’’ असं विचारलं तर हसून पुढे जा.

खाण्याचं सोपं आहे. निघताना सुशीला चालेल, केळी चालतील, निलंगा राईस परत आल्यावर. पाण्याचं अवघड आहे. एप्रिल 2016 मध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तिथल्या माणसाला ‘तहान लागायच्या आधी प्या’ हे पटवणं कठीण. आमच्यातला एक लातूरकर दोन्ही बाटल्या भरलेल्या ठेवून चाकूरपर्यंत आला आणि पिंडऱ्यांत गोळे येऊन बसला. ‘‘राहू द्या, पुढं लागंल,’’ म्हणाला. त्याला चिमूटभर मीठ, साखर आणि पाणी बळेबळे पाजावं लागलं.

आता त्या घाटाकडे येऊ. वर्गणीचं आपल्याला काय कौतुक? गणपती, जयंती, सप्ताह, सगळ्याला देतो. रुग्णासाठीही माणूस हात आखडता घेत नाही. गल्लीतल्या पोराच्या ऑपरेशनला आमच्या चौकात एका संध्याकाळी पैसे उभे राहिले होते. संशोधन म्हटलं की तोच माणूस पाकीट परत खिशात घालतो. ‘‘पेशंट कोण आहे?’’ हा पहिला प्रश्न. ‘‘अजून आजारी पडलेला नाही,’’ हे उत्तर खरं असलं तरी देऊ नका. ‘‘हे अमेरिकेवाल्यांचं काम’’ हे दुसरं वाक्य. तिकडे चालतं हे खरंच. 1980 साली मॅसेच्युसेट्समध्ये बिली स्टार यांच्यासह 36 जण कर्करोग संशोधनासाठी सायकलवर निघाले आणि ‘पॅन-मास चॅलेंज’ ही फेरी अजून दरवर्षी निघते. आपल्या नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी 2015 मध्ये अमेरिका सायकलवर आडवी पार केली, तीही आदिवासींच्या नेत्रसेवेचं काम लोकांपुढे आणत. पण ही उदाहरणं किराणा दुकानात चालत नाहीत.

तिथे धाराशिवची गोष्ट सांगा. जिल्ह्याचं नाव तेव्हा उस्मानाबाद होतं, आणि 1982 पर्यंत लातूरही त्याच जिल्ह्यात होतं, म्हणजे गोष्ट घरचीच. 1999 पासून बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या मंडळींनी तिथल्या खेड्यांत 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायकांचा अभ्यास हाती घेतला. प्रश्न असा : गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची कोणती तपासणी खेड्यात खरोखर जीव वाचवते? चार गट केले. एका गटाची एचपीव्ही विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच झाली, एका गटाला फक्त माहिती आणि नेहमीची सेवा मिळाली. जवळजवळ सारख्या आकाराच्या या दोन गटांत आठ वर्षांत या कॅन्सरनं झालेले मृत्यू मोजले. तपासणी झालेल्या गटात 34, न झालेल्या गटात 64. 2009 मध्ये हे न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलं आणि जगभर वाचलं गेलं. त्या 64 जणींची आधी तपासणी का केली नाही, असा सवाल पुढे झाला. तो रास्त आहे, आणि दुकानदारानं विचारला तर टाळू नका. एवढ्या कामाचा पैसा बाहेरून, गेट्स फाउंडेशनकडून आला होता. बाया आपल्या, आकडे आपले, खर्च परक्याचा. हे वाक्य म्हणून थोडं थांबा. आमच्या दुकानदारानं इथे गल्ला उघडला.

पावती लगेच फाडा. निधी स्वतःच्या खात्यात क्षणभरही घेऊ नका, थेट संशोधन करणाऱ्या संस्थेच्या खात्यात जाऊ द्या, नाहीतर पुढच्या लग्नात लोक तुमच्या नव्या शर्टकडे बघतील. 80जीची सवलत हवी असेल तर 2,000 रुपयांच्या वरची रोख रक्कम चालत नाही, हे व्यापाऱ्याला आधीच सांगा. त्याला ते तुमच्याहून जास्त माहीत असतं.

विष्णुपुरीला मेडिकल कॉलेज आणि विद्यापीठ ओलांडलं की नांदेड आलंच. शहरात शिरताना मान वर ठेवा, कुणी फोटो काढत नसलं तरी. गुरुद्वाऱ्याच्या लंगरात पंगतीला बसा. मांडी घालता येणार नाही, पण सेवादार समजून घेतात. माझ्या ताटात दुसऱ्यांदा डाळ वाढताना एकानं हळूच विचारलं, ‘‘शुगर है क्या, जी?’’

आणि दुसऱ्या दिवशी झोपून राहू नका. ‘‘तुम्ही पोचून दाखवा, मग देतो’’ म्हणणाऱ्यांची यादी खिशात असते. हे लोक आता फोन उचलणार नाहीत. सायकल घेऊनच त्यांच्या दारात जा, घंटी वाजवा, आणि सुट्टे पैसे बरोबर ठेवा.